समोरच्या काकूंस, वाघ्याकडून आणि माझ्याकडून

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

दाराला दार लागून असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणारच. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'थांब, चहा टाकते' म्हणून आत सटकता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

त्या सकाळी राजेंद्रनगरात कचरागाडीचं गाणं वाजत आलं आणि मी ओल्या-सुक्याचे दोन्ही डबे घेऊन जिन्यातच रडत बसले. गाडी निघून गेली. इंदुरात राहून कचरागाडी चुकवणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

वाघ्याला आणून नऊ दिवस झाले होते. दोन महिन्यांचं देशी पिल्लू, आपल्याच पार्किंगमध्ये जन्मलेलं. हौसेनं मीच उचलून आणलेलं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. हे टूरवर, माझं ऑफिस घरातच. रात्री दर दोन तासांनी उठून त्याला बाल्कनीत न्यायचं, दिवसभर पोटरीत सुईसारखे दात. येणारे-जाणारे 'कित्ती गोड' म्हणत फोटो काढायचे. मला आतून एकच वाटत होतं, हा परत गेला तर बरं.

जिन्यात मी ते तुमच्यापाशी बोलून गेले. वाटलं, आता खंडोबाचं नाव निघणार. त्याच्यासोबत कुत्रा असतो, तो होळकरांचं कुलदैवत, आणि तू त्याच्या वाघ्याला घालवायला निघालीस! तुम्ही म्हणालात, "आमच्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी मी दीड महिना हेच म्हणत होते. झोपतो किती हा?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. दमला की झोपेल, म्हणून मी त्याला दिवसभर खेळवत होते. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा तो पडद्याला लोंबकळत होता आणि सोडवायला गेलं की हाताला चावत होता. "हट्टी नाही गं, झोपेला आलंय. लेकरं नाही का किरकिरत?" तुम्ही खोका आडवा केलात, त्यावर तुमची जुनी सुती साडी टाकलीत, दिवा घालवून पंखा लावलात. त्यानं साडीचा काठ दोनदा ओढला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि नाक शेपटीत खुपसून गप्प. पिल्लं दिवसाकाठी 18 ते 20 तास झोपतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझा बिचारा निम्माही झोपत नव्हता.

मग बाकीचं आपोआप मार्गी लागलं. तासभर जाग, की खोका. उठल्याउठल्या आणि खाल्ल्यावर लगेच बाल्कनी. लशी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण 16 आठवड्यांपर्यंत, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीनं रस्त्यावर सोडायचा नाही. पण कोंडूनही ठेवायचा नाही, कडेवर घेऊन रिक्षा, हॉर्न, माणसं दाखवायची. तुम्ही त्याला नातवासारखा कोपऱ्यावरच्या पोह्याच्या गाडीपर्यंत मिरवून आणायचात. (शेव चारायचा नाहीत, असं म्हणता. मी विचारत नाही.)

पण आभार त्याचे नाहीत, ते सगळं डॉक्टरांनीही सांगितलं असतं. दुपारी दोन ते चार तुम्ही त्याला आपल्याकडे ठेवून घेतलंत आणि मला म्हणालात, "तू जेव आणि पड." तीन आठवडे, रोज. मधे एकदाही विचारलं नाहीत, आता आवडायला लागला का म्हणून.

एके दिवशी तीनलाच जाग आली. घर फार शांत वाटलं. मी येऊन तुमची बेल वाजवली. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, काही बोलला नाहीत, आणि त्याला माझ्या हातात दिलंत.

आता साहेब सात महिन्यांचे झालेत. दुधाचे दात पडले, नवे आले, आणि त्या नव्या दातांची पहिली मोठी कामगिरी म्हणजे तुमची दाराबाहेरची डावी चप्पल. तुम्ही 'जुनीच होती' म्हणालात, पण मी तो पट्टा पाहिला आहे. उद्या राजवाड्याकडे जाते आहे. तुमचा नंबर सहा की सात, तेवढं सांगा.

तुमची,
समोरची