वासामागे जाऊ नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

ट्युसॉनला जाऊन लोक रात्री अतिनील टॉर्च घेऊन विंचू बघतात, तेवढं ऐकून होतो. तू थेट स्कंक, तो दुर्गंधी फवारणारा काळा-पांढरा प्राणी, शोधायला निघालीस! बाबांनी कपाळाला हात लावलाय. पण जायचंच असेल तर नीट जा, म्हणून हे लांबलचक पत्र.

जागा मात्र उत्तम मिळाली आहे तुला. आग्नेय अ‍ॅरिझोनात स्कंकच्या चार जाती आहेत, आणि चिरिकाव्हा डोंगरातल्या केव्ह क्रीक कॅन्यनच्या परिसरात त्या चारही सापडतात. पोर्टल गावापर्यंत तुझ्याकडून गाडीने अडीच-तीन तास. रात्री परतीचा प्रवास नको, मुक्काम कर. सीमेजवळचा भाग आहे, बॉर्डर पेट्रोल वाटेत थांबवू शकतं. पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत जवळ असू दे.

नवखे सगळे एकच चूक करतात, वासाच्या मागे जातात. वास याचा अर्थ एवढाच की कुणीतरी स्कंकला छेडलं, नाहीतर तो गाडीखाली आला. तेही कदाचित काही तासांपूर्वी, आणि वाऱ्याने वास कुठून कुठे नेलेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर माद्यांच्या शोधात भटकतात, रस्त्यावर मरतातही जास्त, म्हणून तेव्हा वास जास्त येतो. स्वस्थपणे किडे उकरत असलेल्या स्कंकला लांबून जाणवेल असा वास नसतोच. तेव्हा नाक बाजूला ठेव आणि कान लाव. ओढ्याकाठी सायकमोर आणि ओकचा पाचोळा पडलेला असतो. उंदीर त्यात तुटक खुडबुडतो, हरणाची पावलं एकेक मोजता येतात. स्कंकचा आवाज सलग असतो: खरखर, मध्ये फुरफुर, पुन्हा खरखर. असा आवाज आला की टॉर्च लगेच त्याच्यावर मारू नकोस. आधी थांब, दिशा पक्की कर, मग प्रकाश बाजूच्या जमिनीवरून हळूहळू सरकव.

दिवसाउजेडी एक फेरी मारून खुणा बघून ठेव. मऊ मातीत दोन-तीन इंचांचे शंकूच्या आकाराचे खड्डे दिसले तर तिथे अळ्या उकरल्या आहेत. पावलाला पाच बोटं, आणि पुढच्या पायाच्या नखांचे ठसे बोटांपासून बरेच पुढे उमटलेले. जमीन नांगरल्यासारखी उलथलेली असेल तर डुकरासारख्या नाकाचा हॉगनोज्ड स्कंक असू शकतो, पण तिथले हावेलिना (रानडुकरासारखे प्राणी) ही तसंच करतात, तेव्हा ठसे बघूनच ठरव. पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांच्या खाली सांडलेलं खायलाही ते येतात. मात्र ते कुणाचं तरी अंगण असतं, विचारल्याशिवाय आत जाऊ नकोस.

ओळखायचं कसं? आकाराने सगळ्यात लहान आणि चपळ तो ठिपकेवाला: खारीसारखा झाडावर चढतो, पट्टे तुटक तुटक, कपाळावर पांढरा ठिपका. पाठीवर एकच रुंद पांढरा पट्टा, शेपूट पूर्ण पांढरी आणि नाकाचा पुढचा भाग केसरहित, तर हॉगनोज्ड. त्याच्या कपाळावर रेघ नसते. खरी फसगत होते ती पट्टेरी आणि हूडेड यांच्यात, कारण दोघांच्याही कपाळावर बारीक पांढरी रेघ असते. हूडेडची शेपूट फार लांब, आणि मानेवरचे केस लांब, टोपडं घातल्यासारखे. त्यात हूडेडची पाठ कधी पांढरी, कधी काळी. पाठीवरून निर्णय करू नकोस, शेपूट आणि मान बघ. ८×४२ ची दुर्बीण पुरते.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने निघ. जुलै-ऑगस्टचा पावसाळा उत्तम, कारण किडे भरपूर, आणि पिल्लं आईमागे रांगेने चालतात. पण ढग गडगडत असतील तर कोरड्या ओढ्यात उतरायचं नाही. पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा खाली येतो. त्याच दिवसांत रॅटलस्नेक रात्री उबदार डांबरावर येऊन पडतात. घोट्याच्या वर जाणारे बूट घाल, आणि कपाळावरच्या दिव्याशिवाय एक पाऊलही टाकू नकोस. दिव्याला लाल प्रकाशाची सोय असावी. गाडीतून मोठा स्पॉटलाइट फिरवत जाऊ नकोस, शिकारी समजून कुणीही थांबवेल. काही राष्ट्रीय उद्यानांत दिवा टाकून प्राणी बघायलाच बंदी असते, जाण्याआधी त्या जागेचा नियम बघ.

आता फवाऱ्याचं. स्कंकची नजर अधू असते, तीन-चार मीटरपलीकडचं त्याला नीट दिसत नाही. म्हणून दबकत जवळ जाणं सर्वांत वाईट: तू अचानक त्याच्या पुढ्यात उगवतेस. १० मीटरचं अंतर ठेव. तो तुझ्याकडे चालत आला तर हलक्या आवाजात बोल आणि मागे सर. अचूक नेम तीनेक मीटरचा असतो, वाऱ्यावर तुषार त्याहून पुढे जातात. फवारणं त्यालाही परवडत नाही, ग्रंथी रिकाम्या झाल्या तर भरायला आठ-दहा दिवस जातात. म्हणून तो आधी सांगतो: पुढचे पाय आपटतो, शेपूट उभारतो, फिस्कारतो. ठिपकेवाला तर पुढच्या पायांवर चक्क उभा राहतो. फोटोसाठी तो क्षण फार मोहाचा आहे, आणि नेमका तोच निघायचा क्षण. अंग वाकवून तोंड आणि शेपूट दोन्ही तुझ्याकडे केली, तर उशीर झाला असं समज.

एवढं करूनही अंगावर आलंच, तर टोमॅटोचा रस ओतत बसू नकोस. नाक थकतं आणि वास गेल्याचा भास होतो, इतकंच. त्या द्रवातली थायोलं, म्हणजे वास मारणारी गंधकयुक्त रसायनं, ही गॅस सिलिंडरला गळती कळावी म्हणून घालतात त्या मर्कॅप्टनची भावंडं. पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये उतारा दिला तो असा: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १ लिटर, खाण्याचा सोडा पाव कप, भांडी घासायचा द्रव साबण १ चहाचा चमचा. धुण्याचा सोडा नव्हे, खाण्याचाच. उघड्या बादलीत मिसळून लगेच लाव, पाच मिनिटं ठेवून धू. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. केसांचा आणि कपड्यांचा रंग उडू शकतो. काही दिवसांनी केस ओले झाल्यावर वास पुन्हा आला तर घाबरू नकोस: द्रवात थायोअ‍ॅसिटेटंही असतात, ती पाण्याशी हळूहळू थायोलं सोडतात. पुन्हा धुवायचं. ठिपकेवाल्याच्या द्रवात ती नसतात, तेवढीच त्याची कृपा. फवारा डोळ्यांत गेला तर १५ मिनिटं साधं पाणी मारत राहा, आणि चुरचुर थांबली नाही तर डॉक्टरकडे जा.

वासापेक्षा मला काळजी रेबीजची आहे. तिथे तो वटवाघळं, कोल्हे आणि स्कंकमध्ये आढळतो. लडखडणारा, किंवा न भिता सरळ अंगावर येणारा स्कंक दिसला की गाडीत बसायचं. पिल्लू कितीही गोंडस असो, हात लावायचा नाही. चावलाच, तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. खायला काहीही टाकू नकोस.

एकटी जाऊ नकोस. सोबतीला येणाऱ्याने अत्तर मारलं तरी चालेल, पण गप्पा मारणारा नको.

तुझी,
आई

ता. क. पेरॉक्साइड, सोडा आणि साबण डिकीत वेगवेगळे ठेव. आधीच मिसळून बाटलीचं झाकण लावलंस तर ऑक्सिजन साठून बाटली फुटेल, आणि स्कंक दिसण्याआधीच डिकी धुवावी लागेल.