बॅटरी बदलायच्या आधी

पुणे, 18 मे

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

"इन्व्हर्टर पाऊण तासात मान टाकतो, दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका." बाबा, काल तुम्ही सांगितलंत ते ऐकलं. गेली असेलही. पण चार वर्षांची ट्यूब्युलर (आत नळीदार प्लेटा असलेली) बॅटरी, तीही 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता), सहसा अशी एकाएकी जात नाही. पाणी, टर्मिनल आणि इन्व्हर्टरच्या मागचं एक छोटं बटण, एवढं बघितल्याशिवाय दुकानदाराला हो म्हणू नका. फोनवर सांगितलेलं निम्मं डोक्यातून जातं, म्हणून लिहून पाठवते. कागद इन्व्हर्टरच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

आधी ते बटण, कारण त्याला पाना लागत नाही की पाण्याचा कॅन लागत नाही. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला यूपीएस आणि ईको (काहींवर 'नॉर्मल' किंवा 'वाइड' लिहिलेलं असतं) असा सरकता स्विच आहे. यूपीएसवर असला की व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेल्यावर तो समजतो लाईट गेली, आणि घर बॅटरीवर टाकतो. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज 170 ला येतं. म्हणजे शेजारी लाईट आहे, आपल्याकडेही आहे, आणि आपली बॅटरी मात्र रिकामी होतेय. खरी लाईट जाते तेव्हा ती अर्धीच उरलेली असते. ओळखायची खूण: लाईट असताना मधूनच 'टक्' असा आवाज येतो आणि इन्व्हर्टर घुं करायला लागतो. स्विच ईकोवर करा, मग तो 100 च्या आसपासपर्यंत बाहेरून येणारी लाईनच वापरतो. तोटा एकच, बदलाच्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा चालू होईल. त्याचं खाली लिहिते.

आता टर्मिनल. खाऱ्या हवेत शिशाच्या खुंटांवर पांढरी-हिरवी भुकटी चढतेच. दोन पंखे, दोन ट्यूब आणि राउटर मिळून 200 वॉट धरले तर 12 व्होल्टवर जवळजवळ 20 अँपिअर वाहतात. एवढ्या करंटला जरासा सैल बोल्टही पुरतो: अर्धा व्होल्ट तिथेच पडतो, 10 वॉट नुसती उष्णता होते, आणि इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. बाबा, तुमचा पिवळा मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर लावा. मेन स्विच पाडून घर बॅटरीवर चालू द्या, मग एक टोक खुद्द शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवा. शून्याजवळचा आकडा हवा. 0.2 किंवा जास्त आला तर दोष बॅटरीचा नाही, सांध्याचा. दोन्ही खुंट तपासा.

साफ करताना इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा आणि भिंतीतला प्लगही काढा. नुसता प्लग काढलात तर तो लाईट गेली समजून बॅटरीवर सुरू होतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, कारण पाना चुकून दोन्ही खुंटांना एकदम टेकला तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. आधी काळी वायर (उणे) सोडा, लावताना ती शेवटी लावा. बॅटरीवरची सहाही बुचं घट्ट आहेत ना ते बघून, पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस यायचा थांबला की साफ झालं. सोडा आत गेला तर तो आतलं ॲसिडच मारतो, म्हणून बुचांचं सांगितलं. कोरडं करा, बोल्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट असं नको.

पाण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची. चार्जिंग होताना पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, ॲसिड मागे राहतं. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड कधीच नाही. आरओचं नको, बाटलीबंद पिण्याचं नको (त्यात क्षार मुद्दाम घातलेले असतात), आणि विहिरीचं तर मुळीच नको. आपल्या जांभ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह असतं, पांढरे कपडे पिवळे पडतात ते त्यानेच. बॅटरीत तेच लोह आतल्या आत चार्ज खात बसतं. पाच लिटरचा कॅन आणा.

वरची तरंगणारी काडी लाल खुणेला टेकली असेल तर ते बूच काढून आत टॉर्च मारा. टॉर्चच, काडेपेटी नाही. आत पाणी हललं की उजेड चमकतो. चमक दिसत नसेल आणि करड्या-काळ्या पट्ट्यांच्या कडा कोरड्या दिसत असतील, तर प्लेटा उघड्या पडल्यात. त्या बुडतील इतकंच पाणी आत्ता घाला. मग दहा-बारा तास पूर्ण चार्ज, आणि त्यानंतर हिरव्या खुणेपर्यंत. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पाणी फुगतं, बुचातून ॲसिड बाहेर येतं आणि फरशी खातं. प्लास्टिकचं नरसाळं वापरा, आणि पुढे महिन्यातून एकदा काडी बघत जा.

खरा निकाल मात्र हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचं साधन) देतो. कुरिअरने पाठवलाय, काचेची नळी आणि वर रबरी फुगा. बाबा, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून बघा. नुकतं पाणी घातलेलं असताना बघू नका, ते वरच तरंगतं आणि आकडा खोटा येतो. पाणी घालून पुन्हा एक पूर्ण चार्ज होऊ द्या, इन्व्हर्टर बंद करून दोन-तीन तास थांबा, मग प्रत्येक बुचातून फुगा दाबून ॲसिड ओढा. आतला तरंगा काचेला न चिकटता मोकळा उभा राहायला हवा. डोळ्यासमोर धरून आकडा वाचा आणि ॲसिड त्याच सेलमध्ये (बुचाखालच्या कप्प्यात) परत सोडा, दुसऱ्यात नाही.

सहाही आकडे 1.220 च्या वर असतील तर बॅटरी बहुधा ठणठणीत, दोष बाहेरचा. सहाही सारखेच कमी, समजा 1.160, तर बॅटरी बहुधा मेलेली नाही, उपाशी आहे: चार्जिंग पुरं होत नाही, मग मोडचा स्विच आणि इन्व्हर्टरचा चार्जर बघायचा. पाच चांगले आणि एक 1.120 असेल तर तो सेल गेला, आणि एक गेला की अख्खी बॅटरी गेली. तसं निघालं तर दुकानदाराचं म्हणणं खरं मानायचं. आणि चार्जिंगला असताना बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापली किंवा सडक्या अंड्याचा वास आला, तर काही मोजत बसू नका. खिडक्या उघडा, इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, आणि वायरमनला बोलवा.

लोडही एकदा मोजूया. 150 गुणिले 12 म्हणजे 1800 वॉट-तास, पण बॅटरी पुरती पिळायची नसते आणि इन्व्हर्टर आपला वाटा खातो, हाती साधारण 1200 येतात. 200 वॉटला नव्या बॅटरीवर सहा तास. जुना पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. दोन्ही पंखे बदलले तर लोड 110 वर येतो आणि तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ चालते. मला विचाराल तर नव्या बॅटरीआधी खर्च करायचा तो इथे. फ्रिज इन्व्हर्टरच्या लाईनवर कोणी जोडून दिलेला नाही ना, तेही बघा.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (राउटरला थेट वीज देणारी छोटी बॅटरी) घ्या. राउटरच्या ॲडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय की 9, ते आधी वाचा. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोघांनाही जोडायला हवं, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद.

गणपतीनंतर इकडे दोन महिने येणार आहात. तेव्हा काड्या हिरव्यावर आणून, पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टर बंद करा आणि काळी वायर सोडून ठेवा. अर्धी रिकामी बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात आणि मग ती चार्ज घेत नाही. परत आल्यावर पहिला दिवस तिला चार्जिंगलाच.

आई, बॅटरीच्या ट्रॉलीवर वाळत घातलेली दुपटी काढ. ॲसिडच्या वाफेने सुती कापडाला बारीक भोकं पडतात, ती धुतल्यावर दिसतात. आणि निरांजन त्या कोपऱ्यात नको.

सहा आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा. डावीकडून उजवीकडे, लाल वायरच्या बाजूने सुरुवात.

तुमची,
सुमा

ता. क. बदलायचीच वेळ आली तर जुनी फुकट देऊ नका. पन्नास-साठ किलोचा तो डबा बराचसा शिशाचा असतो, नव्या बिलातून त्याची किंमत वजा व्हायला हवी. आणि ॲसिड ओतून हलकी करून देतो म्हणाला तर नको म्हणा, आपल्या माडांच्या आळ्यात ते जाईल.