शिकवलेली करामत घोड्याबरोबर विकली जाते

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेली यात्रा भरली, की मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या एखाद्या घोड्याचे छायाचित्र वृत्तपत्रांतून हमखास येते, तसे ते यंदा आपल्या अंकातही आले. छायाचित्र देखणे होते आणि घोडा जातिवंत होता, यात शंका नाही. मात्र पशुवैद्यक म्हणून पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत ३१ वर्षे काम करताना या करामतीचे जे परिणाम मी पाहिले, ते आपल्या वाचकांसमोर ठेवणे मला गरजेचे वाटते, कारण आता लग्नसराईत हेच घोडे गर्दीत, डांबरी रस्त्यावर आणि ढोल-ताशांच्या दणदणाटात उभे केले जातील.

चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावातील एका बागायतदाराने मारवाडी जातीची अबलख घोडी विकत घेतली. घोडी इतकी गरीब होती, की घरातली लहान मुले तिला हाताने चंदी खाऊ घालत. ती वरातीत दोन पायांवर उभी राहते, हे विकणाऱ्याने कौतुकाने सांगितले होते, पण कोणत्या इशाऱ्यावर उभी राहते, हे त्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्यानेही विचारले नाही. एके सकाळी घरातला सोळा वर्षांचा मुलगा तिच्यासमोर उभा राहून, वर खुंटीला अडकवलेली मोहरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दोरी, काढण्यासाठी टाचा उंचावून हात वर करत होता. घोडी तत्काळ उभी राहिली आणि खाली येताना तिचा पुढचा खूर मुलाच्या खांद्यावर आदळून त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. मी पोहोचलो, तेव्हा घोडी तबेल्याच्या कोपऱ्यात थरथरत उभी होती आणि तिच्या पाठीवर छडीचे वळ उठले होते. हात वर गेला की उभे राहायचे आणि मग गुळाचा खडा मिळतो, हे तिला कोणीतरी महिनोन् महिने शिकवले होते आणि त्या सकाळी तिने ते अचूक करून दाखवले होते.

नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो आणि तेवढ्या काळात अनेक मालकांच्या हातांतून जातो. करामत त्याच्याबरोबर विकली जाते, तिच्या इशाऱ्याची माहिती मात्र शिकवणाऱ्याकडेच राहते. शिवाय एकदा बक्षिसाची गोडी लागली, की घोडा न मागताही ती करामत करून पाहतो. गूळ हवा असला, भीती वाटली किंवा स्वार काय सांगतो आहे हे उमगले नाही, तर जे पाठ आहे तेच तो करतो. काही हौशी मंडळी दोन-तीन महिन्यांच्या शिंगराला माणसाच्या खांद्यावर पुढचे पाय ठेवायला शिकवतात. तेच शिंगरू तीन वर्षांनी तीनशे किलोंहून अधिक वजनाचे होते आणि लाडाने पाय टाकायला येते, तेव्हा त्याला खोडकर किंवा मारकुटे ठरवून बाजारात नेले जाते. माझ्याकडे ‘खोड मोडा’ म्हणून आणलेल्या अनेक घोड्यांची खोड अशीच माणसाने लावलेली होती.

घोड्याच्या शरीरावर होणारा परिणाम मला त्याहून अधिक काळजीचा वाटतो. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तो दोन पायांवर उभा राहिला, की सगळा भार मागच्या पायांच्या सांध्यांवर आणि कमरेवर येतो, आणि पाठीवर नवरदेव असेल तर त्याचाही. बाजारात दोनदाती घोडा, म्हणजे अडीच-तीन वर्षांचा घोडा, तयार म्हणून नाचवला जातो, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. वरून अंग भरलेले दिसते, त्यावर विसंबून चालत नाही. नाच शिकवताना घोड्याला दोन खांबांमध्ये दोरांनी ताणून बांधून, तो पाय उचलीपर्यंत पायाच्या नळीवर छडी मारण्याची पद्धत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. काटेरी लगामाने चिरलेल्या जिभाही मी शिवल्या आहेत. लगामाची कडी जिथे बसते, त्या जागी घोड्याला दात नसतात. तिथे हाडावर फक्त पातळ कातडीचे आवरण असते.

काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. खेळ करून दाखवणाऱ्या प्राण्यांची नोंदणी २००१ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. तरीही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारहाण केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. आज एका वरातीची सुपारी हजारो रुपयांची असते, तिथे या दंडाचा धाक कोणाला वाटावा?

घोड्याला काहीच शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. हाकेला येणे, मान लववणे, लाकडी चौथऱ्यावर पाय ठेवणे या गोष्टी रोज दहा-पंधरा मिनिटे शांतपणे शिकवल्या, तर घोडा आवडीने शिकतो. त्याआधी चारही पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ उभे राहणे त्याला पक्के यायला हवे. रोजच्या कामात चुकूनही होणार नाही, असाच इशारा निवडावा, आणि न मागता केलेल्या करामतीला कधीही बक्षीस देऊ नये. अश्वनृत्य स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की प्रवेशापूर्वी पशुवैद्यकाकडून घोड्याचे दात व तोंड तपासून घ्यावे, पाच वर्षांखालच्या घोड्याला उतरवू नये आणि ढोल वाजत असताना दोर सैल सोडल्यावर जो मिनिटभर शांत उभा राहत नाही, त्याला नाचू देऊ नये. घोडा घेणाऱ्यांनी दात आणि चाल पाहतो तितक्याच बारकाईने विकणाऱ्याला सगळे इशारे करून दाखवायला लावावेत.

त्या बागायतदाराने घोडी विकली नाही, याचे मला फार समाधान वाटते. हात वर गेला आणि चारही पाय जमिनीवर राहिले तरच गूळ, असा क्रम आम्ही सात महिने पाळला आणि हाड सांधल्यावर तो मुलगाच रोज संध्याकाळी हे काम करू लागला. आता ती त्याच्यासमोर शांत उभी राहते, पण कोणी अनोळखी माणसाने अचानक हात उंचावला, तर अजूनही तिचे पुढचे खूर वीतभर उचलले जातात.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक,
इंदापूर, जि. पुणे