वरच्या मजल्यावरच्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई,

हे तुमच्या समोर बोलायला गेले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलणार हे मला माहितीये, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण त्या दिवशी मी जशी जिन्यात बसले होते तसं आत्तापण कुणीतरी कुठेतरी फोन हातात घेऊन बसलं असेल, आणि त्याच्या बिल्डिंगमधे तुम्ही नसाल.

दुकानातल्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू दिला होता, त्याचा मेल दुपारी आला होता. चार ओळी. "अनेक उत्तम अर्ज आल्यामुळे या वेळी तुमचा अर्ज पुढे नेता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा." माझं नावसुद्धा मोठ्या फॉन्टमधे वेगळं चिकटवल्यासारखं दिसत होतं. मी तो मेल किती वेळा वाचला असेल देव जाणे, जणू अजून एकदा वाचला की त्यातून काहीतरी कारण सापडेल. घरी जाऊन सांगायची हिंमत नव्हती म्हणून जिन्यात बसले. तुम्ही ड्यूटीवरून येत होता, युनिफॉर्मवर, हातात बूट कारण पाय सुजले होते, आणि तुम्ही विचारलं, "काय गं, इथे का?"

मी जे बोलले ते मला आजही आठवतं. मी म्हटलं, साधी दुकानातली नोकरी ताई, कुणालाही मिळते, ती पण मला नाही मिळाली.

खरं दुखणं ते होतं. मोठ्या पोस्टसाठी रिजेक्ट झालं तर लोक म्हणतात कॉम्पिटिशन होती, पण स्टोअरमधल्या नोकरीला नकार आला की वाटतं आपण त्याच्याही खालचे. आणि हे मी तुमच्याच तोंडावर बोलले, तुम्ही एवढी वर्षं तेच काम करताय, तरी तुम्हाला राग आला नाही. तुम्ही शेजारी पायरीवर बसलात, बूट बाजूला ठेवले आणि म्हणालात, "कुणालाही मिळते, तर मग तुला का नाही मिळाली ते बघूया. वही आहे का?"

"जाऊ दे, याहून चांगलं मिळेल" हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याबद्दल वेगळं थँक्यू. त्या आठवड्यात ते वाक्य मला सगळ्यांनी ऐकवलं, प्रेमानेच, पण ऐकून मी अजून एकटी पडायचे.

वहीचं पहिलं पान तुम्ही मला एकटीला दिलंत. जे काही मनात आहे ते लिही, शिव्या आल्या तर शिव्या लिही, मी बघणार नाही. मी लिहिलं, रडले, लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच करायला लावलंत. नंतर कधीतरी मी वाचत बसले तेव्हा कळलं की नोकरी गेलेल्या इंजिनिअर्सवर असाच एक अभ्यास झाला होता, १९९४ साली छापून आला, ज्यांनी रोज थोडा वेळ बसून नोकरी जाण्याबद्दलचं मनातलं सगळं लिहून काढलं त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नवी नोकरी लागली. आणि २००३ मधे 'सायन्स' मासिकात नाओमी आइसेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आला होता, कॉम्प्युटरवरच्या बॉलच्या खेळात माणसाला मुद्दाम बाहेर ठेवलं तर मेंदूचा जो भाग जागा होतो तो शारीरिक दुखण्यातही जागा होतो. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण मला खरंच छातीत दुखत होतं आणि मी स्वतःला नाटकी म्हणत होते. तुम्ही हे काही वाचलेलं नव्हतं, तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलं होतं.

दुसऱ्या पानावर इंटरव्ह्यू. विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर, जसंच्या तसं, सुधारून नाही. तुम्ही बजावलंत की हे लगेच करायचं, चार दिवस गेले की आपण आपलीच उत्तरं बदलून आठवतो. लिहिताना मला कळलं की मी "बघावं लागेल" हे तीन वेळा म्हटलं होतं. त्यातलं एक, शनिवार-रविवार येऊ शकाल का या प्रश्नावर.

तिथे तुम्ही थांबलात. माझ्या हातातून पेन घेतलंत, सात उभे रकाने आखलेत, वर वार, खाली सकाळ आणि संध्याकाळ, आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळवर गोल केलात, पेन जोरात दाबून, मागच्या पानावर अजून त्याचा वळ आहे. "हा रोटा, म्हणजे कुणाची ड्यूटी कधी त्याचा तक्ता. समोरच्या माणसाला या गोलात माणूस हवाय. तो तुला बघतोय असं तुला वाटतं, पण तो हे रकाने बघतोय." माझा शनिवारी क्लास असतो एकपर्यंत, म्हणून मी तसं बोलले होते. तुम्ही म्हणालात, मग तसंच सांगायचं, शनिवारी दोननंतर आणि रविवार पूर्ण दिवस. एवढंच होतं ताई. इतकी साधी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती.

आणि मग तो रोल प्ले. इंटरव्ह्यूमधे मला सांगितलं होतं की कस्टमर बिलाशिवाय वस्तू परत करायला आलाय, चिडलाय, काय कराल. मी म्हटलं बिलाशिवाय रिटर्न होत नाही. मला वाटलं नियम सांगितला म्हणजे बरोबर. तुम्ही घरातला बुटांचा रिकामा खोका टेबलावर आपटलात आणि माझ्यावर अशा ओरडलात की मी खरंच घाबरले. तीनदा मी परत नियमच सांगितला. चौथ्यांदा तुमचा हात धरून थांबवलं आणि म्हटलं, काय झालं सांगा मला, आणि तुमचा आवाज लगेच खाली आला, खेळातसुद्धा. "नियम बरोबरच होता," तुम्ही म्हणालात, "पण तो तिसरं वाक्य आहे. आधी ऐकायचं, मग वस्तू हातात घेऊन बघायची, मग नियम, आणि मग एक्सचेंज होतंय का, सुपरवायझरला विचारता येतंय का ते." हे मी कुठल्याही फॉर्मल कोर्समधे शिकले नसते.

त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्या पुस्तकांच्या शेल्फसमोर उभ्या राहिलात आणि बोलता बोलता हात चालू झाले. मागची पुस्तकं पुढे ओढून कडेला सारखी केलीत, सगळ्यांची नावं समोर, तळहात कडेवरून फिरवून बघितलंत कुठलं आत गेलंय का. याला फेसिंग म्हणतात, शेल्फ भरलेला दिसला पाहिजे, नवीन माल मागे, जुन्या तारखेचा पुढे, नाहीतर एक्सपायरी होऊन सगळं फेकावं लागतं. तुमचं लक्षही नव्हतं, बोटंच सगळं करत होती. मग दिवसअखेर कॅश टॅली करताना थोडीशी रक्कम कमी आली की पोटात कसा गोळा येतो ते सांगितलंत, आठ-आठ तास उभं राहण्याचं सांगितलंत, ट्रायल रूममधून बाहेर आलेल्या कपड्यांचे ढीग घड्या घालून परत लावण्याचं. मी ऐकत होते आणि मला माझ्या जिन्यातल्या वाक्याची फार लाज वाटत होती. कुणालाही जमेल असं हे काम नाहीये. मला आता ते जमवायचंय म्हणून जमवायचंय, दुसरं काही मिळालं नाही म्हणून नाही.

तुम्ही स्वतः इंटरव्ह्यूला बसता हे मला माहीत नव्हतं. एकदा दोघीजणी सारख्याच चांगल्या होत्या, जागा एकच, एकीला सकाळची शिफ्ट जमत होती म्हणून तिला घेतलं, आणि दुसरीचा चेहरा तुम्हाला अजून आठवतो. हे सांगताना तुम्ही वहीकडे बघत होता. म्हणजे त्या चार ओळींच्या मेलच्या पलीकडेही कुणीतरी असू शकतं ज्याला वाईट वाटलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (तरी माझं म्हणणं आहे की कंपन्यांनी निदान इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेल्यांना एक ओळ खरं कारण लिहावं. दोन मिनिटं लागतात. समोरच्याचे दोन आठवडे वाचतात.)

आपण दोघींनी मिळून त्यांना मेल लिहिला, वेळ दिल्याबद्दल आभार, कुठे कमी पडले ते एका वाक्यात सांगाल का, आणि पुढे जागा निघाली तर कळवा. तुम्ही माझं "कृपया मला एक संधी द्या" खोडलंत. म्हणालात, विनंती कर, गयावया नको. त्या मेलला उत्तर आलं नाही. मी आठवडाभर इनबॉक्स बघत होते आणि तुम्ही रोज येता-जाता विचारत होता, उत्तराचं नाही, दुसरीकडे अर्ज टाकला का ते.

टाकलेत ताई. तीन ठिकाणी. एका ठिकाणाहून बोलावलंय, मंगळवारी, सकाळी अकराला. रकाने मी परत आखून ठेवलेत, या वेळी माझे वार भरून. रोल प्लेसाठी बुटांचा खोकाही जपून ठेवलाय. सोमवारी तुमची ड्यूटी लवकर संपते ना, वही घेऊन वर येते, मला परत एकदा जोरात ओरडून दाखवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची