बाबांची पिशवी आणि माझं डीएम

१८ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं, बरं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आई विचारते, "जेवलीस का?" म्हणून पत्रच लिहितेय. आज रात्री नाइट ड्युटी आहे, दुपारी झोपायला हवं होतं. पण रविवारचं बाबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. "एमडी काय, आता सगळेच असतात. हार्टचं करून टाक म्हणजे सुटलीस."

बाबा, सुटायचा हिशोब आधी मांडते. बारावीनंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मग एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड. एक वर्ष नीट पीजीच्या, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासासाठी खोलीत कोंडून घेतलं. आता एमडी मेडिसिनचं तिसरं आणि शेवटचं वर्ष चालू आहे. तुम्ही म्हणता ते हार्टचं म्हणजे डीएम, एमडीनंतरची एकाच अवयवाची पदवी. त्याच्यासाठी आणखी एक नीट आणि वर ३ वर्षं. पण मी दमले म्हणून नको म्हणतेय असं समजू नका. दमायचं ते पहिल्या वर्षीच दमून झालं. मला दुसरं काही करायचंय, आणि ते काय हे मला दिवाळीत आपल्याच घरी नीट कळलं.

ती पिशवी आठवते ना? लग्नाच्या बस्त्याची, हिरवी. आईने ती ओट्यावर उलटी केली आणि म्हणाली, "बघ गं, हे सकाळी मूठभर खातात." मी स्ट्रिपा एकेक करून लावत बसले आणि बाबा, माझ्या पोटात गोळा आला.

शिमग्यात तुम्ही पालखी नाचवलीत आणि गुडघा सुजला. हाडांच्या डॉक्टरांनी १० दिवसांची दुखण्याची गोळी लिहिली. गुण आला. मग तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून तुम्ही ती आठ महिने आणलीत. त्या जातीच्या गोळीने रक्तदाब चढतो. हार्टच्या डॉक्टरांना तो चढलेला दिसला, त्यांनी दुसरी बीपीची गोळी जोडली. त्या गोळीने काही जणांचे पाय सुजतात, तसे तुमचे सुजले. सुजेवर लघवीची गोळी आली. बीपीची जुनी गोळी, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एका पोटात गेली की मूत्रपिंडाचे हाल होतात. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंडं दमली. शिमग्याआधी ते १.१ होतं, दिवाळीत १.८. दोन्ही डॉक्टर आपापल्या खोलीत बरोबरच होते. तुमच्या गुडघ्याची गोळी हार्टवाल्यांना माहीत नव्हती, कारण तुम्ही म्हणालात, "ते हार्टचे, त्यांना गुडघ्याचं काय सांगायचं?"

मी स्वतः काही बंद केलं नाही, हे आईला तेव्हा विचित्र वाटलं. घरच्यांवर औषधोपचार करू नयेत हे आम्हाला शिकवलेलं असतं. मुलगी म्हणून बघितलं की डोळ्यांवर झापडं येतात. म्हणून तालुक्याच्या त्या म्हाताऱ्या फिजिशियनकडे, म्हणजे एमडी मेडिसिनवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टेबलावर पेपर पसरला, पिशवी उपडी केली आणि एकेक स्ट्रिप उचलून तुम्हालाच विचारत गेले, "ही कशासाठी?" तीन गोळ्यांना तुम्ही "शक्तीची" म्हणालात. मग घोटा अंगठ्याने दाबून किती खड्डा पडतो ते बघितलं, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं, मानेची शीर न्याहाळली. पाऊण तास गेला. बाहेर येऊन तुमची तक्रार काय, तर "काही दिलंच नाही, उलट चार काढल्या." तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.३ आलं, आणि पायांत पुन्हा जुन्या चपला बसायला लागल्या.

मला ते व्हायचंय. त्या खुर्चीवर बसून पेपर पसरायचाय.

आई, तू एकदा विचारलं होतंस की फिजिशियन ऑपरेशन करत नाही, मग करतो काय? एमबीबीएस या नावातच दोन पदव्या आहेत, एक मेडिसिनची आणि एक सर्जरीची, कारण विलायतेत हे दोन वेगळे धंदे होते. लंडनमध्ये तर १७४५ पर्यंत सर्जन आणि न्हावी यांचा एकच संघ होता. (आमच्या सर्जरीच्या मित्रांना हे दर पार्टीत ऐकवायचं असतं.) फिजिशियनच्या हातात सुरी नसते. तो विचारतो, बघतो, हात लावतो, ठोकतो, कान देतो, आणि मग या सगळ्याचा मेळ घालतो. ऐकायला सोपं वाटतं. मला ते किती येत नव्हतं ते सांगते.

एमडीच्या पहिल्या वर्षी, जेआर वन असताना, म्हणजे वॉर्डातला सगळ्यात खालचा प्राणी. रक्तं काढा, रिपोर्टच्या मागे पळा, केस पेपर लिहा, सिस्टरांची बोलणी खा. आमच्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस होता. दुपारी एक आजी बेशुद्ध आली. शुगर ३२, म्हणजे फारच उतरलेली. मी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पाच मिनिटांत आजी उठून बसली, चहा मागितला. मला वाटलं, झाले मी डॉक्टर! रात्री दोन वाजता आजी पुन्हा गार. पुन्हा ग्लुकोज, सिनियरला उठवलं, सलाईन चालू ठेवलं, पहाटेपर्यंत तासातासाला बोट टोचत बसले.

सकाळी राउंडला सरांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, "पिशवी बघितलीस?"

बघितली नव्हती. आजीच्या सुनेने कमरेची चंची सोडून दिली. त्यात दोन स्ट्रिपा. एक गावच्या डॉक्टरांची, एक शहरातली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आणि आतलं शुगर उतरवणारं औषध एकच, ग्लिमेपिराइड. त्यात चतुर्थीचा उपास, आणि मूत्रपिंडं आधीच अर्धी गेलेली, त्यामुळे औषध अंगातून लवकर निघेना. आजी दोन दिवसांनी चालत घरी गेली. मी मात्र तेव्हापासून स्ट्रिपवर मोठ्या अक्षरातलं नाव वाचत नाही, खालचं बारीक वाचते. दिवाळीत ओट्यावर तेच करत होते.

आमचं शिक्षण असं असतं, बाबा. पुस्तकं जाडजूड आहेतच, थिसिस आहे, आणि शेवटी परीक्षेत लाँग केस असते. अनोळखी पेशंटजवळ बसून त्याची सगळी कथा काढायची आणि परीक्षकांसमोर मांडायची. पण खरं शिकणं राउंडवरच्या अशा दोन शब्दांत होतं. म्हणूनच ते व्हिडिओ बघून येत नाही आणि लवकरही येत नाही.

डीएम केलं तर हृदयातलं मला आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कळेल, हे खरं आहे. ॲटॅक आलेल्या माणसाची बंद शीर तासाभरात उघडणारे लोक मला देवासारखे वाटतात आणि ते हवेतच. पण गेल्या वर्षी जिल्हा रुग्णालयात ३ महिने काढले (आता सगळ्याच पीजींना ते सक्तीचं आहे), तिथे ओपीडीत एकामागून एक बसायचे ते ताप, टीबी, सूज, "नुसतं गळाल्यासारखं होतंय". यातलं कोणी आपल्या दुखण्यावर हृदयाचं की मूत्रपिंडाचं अशी चिठ्ठी लावून येत नाही. कोणीतरी आधी ओळखावं लागतं.

आणि तालुक्यात बसलं म्हणजे माणूस लहान राहतो असं तुम्हाला वाटत असेल, तर आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. आपल्या आजीच्या गोष्टीत विंचू चावलेला मुलगा घाम येऊन गार पडतो, तोंडाला फेस येतो आणि मांत्रिक येईपर्यंत संपतो. कोकणात ते असंच चालायचं. बावस्करांनी खाटेशेजारी बसून ते टिपून ठेवलं, १९८२ साली त्यांचं लिखाण 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी या विषावर चालते हे त्यांनी दाखवून दिलं. तेही एमडी मेडिसिनच. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्हीच पेढे वाटले होतेत, बाबा! मी काही बावस्कर होणार नाही. पण "नुसता एमडी" हा शब्द तेवढा जपून वापरा.

पाटीलकाकांना काय सांगायचं ही तुमची अडचण मला कळते. सांगा, मुलगी सगळ्याचीच डॉक्टर आहे.

आता कामाचं. पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला तुमची तपासणी आहे. हिरवी पिशवी जशीच्या तशी न्यायची, आईने त्यातलं निवडून बाजूला काढायचं नाही. शेजारच्या मामांनी दिलेलं सांधेदुखीचं चूर्णही त्यात टाका. ते कपाटात पापडांच्या डब्यामागे आहे, मला माहीत आहे. आणि यंदा पालखी खांद्यावर घ्या, पण नाचवायला चुलतभावांना द्या.

आई, जेवले. वांग्याचं भरीत होतं, मेसचं.

तुमची
मनू