आधी पडायला शिकवा, मारामारीचं नंतर बघू

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत चाळिशीनंतरच्या फिटनेसवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात नेहमीचंच, चाला, योगा करा, जिमला जा. आणि त्याच पानावर खाली सेल्फ डिफेन्सचा फोटो, त्यात सगळी विशीतली पोरं हवेत लाथा मारतायत. म्हणजे ज्यांना खरं तर हे शिकायची जास्त गरज आहे ते वरच्या लेखात चालत बसलेत आणि खाली पोरं उडतायत! हे बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी ५१ वर्षांचा. दिवसभर खुर्चीत बसायचं काम. वजन, बीपी, जिन्यात धाप, सगळं यथासांग. जिमची वर्षाची फी दोनदा भरून दोन्ही वेळा महिन्याभरात बंद केलं, ट्रेडमिलवर भिंतीकडे बघत पळणं मला जमतच नाही. मग वाटलं की काहीतरी शिकायला मिळालं तर टिकेल, म्हणून एका कराटे क्लासला नाव घातलं. घरी बायको म्हणाली, आता ह्या वयात कुणाला बदडायला निघालात?

तिथं दुसऱ्याच आठवड्यात घोळ झाला. वॉर्मअप म्हणून सरांनी सगळ्यांना एकाच मापात काढलं, शाळकरी पोरं आणि मी, सेम राउंड, सेम बेडूकउड्या. मीही मूर्ख, पोरांसमोर थांबायची लाज वाटली, आणि पोटरी अशी धरली की तीन आठवडे लंगडत होतो. सर म्हणाले, होतं सुरुवातीला. अहो, होत नाही, केलं जातं! चाळिशीनंतरही स्नायू त्यामानानं लवकर तयार होतात पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, टेंडन म्हणतात त्या, त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. दम वाढला म्हणून आपण जोर वाढवतो आणि नेमकं तिथंच तुटतं.

बरं झाल्यावर एका ज्युदो क्लासला गेलो आणि तिथं चक्क पहिला दीड महिना फक्त पडायला शिकवलं. उकेमी म्हणतात त्याला. मागे पडायचं, बाजूला पडायचं, खांद्यावरून कोलांटी घेऊन पडायचं. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, श्वास सोडायचा, आणि हात जमिनीवर टेकवून स्वतःला सावरायला जायचं नाही, उलट अख्खा हात आडवा मॅटवर जोरात आपटायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण पडताना हात पुढे जाणं हे आपोआप होतं, आणि मनगट मोडतं ते त्याच्यामुळेच. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं. पहिल्या आठवड्यात अंग असं आंबलं होतं की कुशीवर वळताना पण विव्हळायचो. मॅटवर माझा पार्टनर १९ वर्षांचा आहे, तो प्रत्येक वेळी विचारतो, काका, टाकू का? आता मी टाक म्हणतो.

ज्युदो १८८२ मध्ये जपानमध्ये जिगोरो कानो ह्यांनी चालू केलं. जुजुत्सू ह्या जुन्या जपानी युद्धकलेमधले जास्त धोक्याचे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढून टाकले, कारण ताकद लावून रोज सराव करता यायला हवा आणि समोरचा दुसऱ्या दिवशी परत यायला हवा. आता माझ्यासारख्याला ह्याच्याएवढा उपयोगाचा विचार दुसरा कुठला! उगाच ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, की कराटेचे गुरू फुनाकोशी पन्नाशी ओलांडल्यावर १९२२ मध्ये टोकियोला कराटे दाखवायला गेले, म्हणून तुम्हीही उठा, ते मला कुणीतरी आठवड्याला एकदा पाठवतं. अरे बाबा, ते लहानपणापासून करत होते, मी कालपर्यंत सोफ्यावर होतो, तुलना कसली करताय.

पडण्यावर एवढं का लिहितोय ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं नुसती पडून मरतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातानंतर हाच नंबर, आणि त्यात जास्त करून साठीच्या पुढचे. त्यांच्याच गाइडलाइनमध्ये पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करा म्हणून सांगितलंय. पण पासष्टीपर्यंत थांबायचं कशाला? माझ्यावर कुणी चाकू घेऊन धावून यायची शक्यता किती आणि ओल्या फरशीवर पाय घसरायची किती, तुम्हीच सांगा. म्हणजे मला रोजच्या जगण्यात स्वतःचा बचाव करायचाय तो जमिनीपासून.

आणि चाकूचं निघालंच तर बोलतो. काही क्लासमध्ये दोन रविवारात चाकू हिसकावून घ्यायला शिकवतात, टाळ्या पडतात, व्हिडिओ होतो. मला ते पटत नाही. आमचे सर स्पष्ट सांगतात, अंतर ठेवा, ओरडा, पळा. आणि पळायला दम लागतो, तो आपण इथं कमावतोय. एवढं खरं बोलणारा माणूस भेटला म्हणून मी टिकलो बहुतेक.

आता ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी, माझ्या चुकांवरून. आधी डॉक्टरकडे जा, बीपी, शुगर, हृदय, आणि मान दुखत असेल तर ते नक्की सांगा कारण कोलांट्या मानेवर येऊ शकतात. बीपीच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर नावाचा प्रकार असतो, तो चालू असेल तर हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत, मग जास्तीत जास्त ठोके किती ते काढायचं २२० वजा वय वालं गणित उपयोगाचं नाही, घड्याळात नंबर कमी दिसतो आणि आपण जास्त ताणतो. त्यापेक्षा बोलता येतंय का बघायचं, वाक्य पुरं होत नसेल तर थांबायचं. आठवड्यात दोन दिवस पुष्कळ, मध्ये सुट्टी ठेवा. बॉक्सिंग आवडत असेल तर बॅगवर मारा, दोरीच्या उड्या मारा, पण डोक्यावर ठोसे खायला जाऊ नका. गळा आवळायचे डाव मी स्वतः सरांना सांगून बंद केलेत. आणि टॅप करायला शिका, म्हणजे समोरच्याला दोनदा थोपटायचं की सोड बाबा. पुरुषांना हे फार जड जातं, मलाही गेलं, कोपरावर ताण आलेला असताना इगो धरून बसलो आणि मग पंधरा दिवस शर्ट घालताना आई गं.

वजन फार उतरलं नाही, खोटं कशाला बोलू. पण आठ महिन्यांत एक झालंय, जमिनीवरून हात न टेकता उठता येतं. पूर्वी खाली बसलो की उठताना खुर्ची शोधायचो.

तुमच्या पेपरातून क्लासवाल्यांना एकच सांगणं आहे, चाळिशीच्या पुढच्यांसाठी वेगळी बॅच काढा, नाहीतर निदान वॉर्मअप तरी वेगळा द्या. आम्ही फी वेळेवर भरतो, दांड्या कमी मारतो आणि व्हिडिओ काढत नाही. आणि पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा एखादा पडणाऱ्या काकांचा किंवा काकूंचा छापा, आमच्या क्लासमध्ये दोन काकू आहेत, माझ्यापेक्षा फार सुंदर पडतात.

आज क्लास आहे, निघतो.

आपला,
एक वाचक, वय ५१, अजून पांढरा पट्टा