दंड दुखतात का, असे विचारणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सा. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाच्या रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा त्यातील दोन आकड्यांनी घरातल्या सर्वांची झोप उडवली होती. यकृताच्या तपासणीतील एसजीओटी २१२ आणि एसजीपीटी ९४. दोन्हींपुढे कमाल मर्यादा ४० छापलेली. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा असला की दारूचा संशय घ्यावा, एवढे कोणीतरी वाचलेले होते, आणि ज्याने दारूला कधी स्पर्शही केला नाही त्याच्यावर नातेवाइकांपुढे शपथा घेण्याची वेळ आली होती.

फाइल पुढे करताना त्याचा कोपर पुरता सरळ होत नव्हता, हे आपण टिपलेत आणि दारूचा विषय निघण्याआधीच दंड दुखतात का, असे विचारलेत. नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीसाठी रक्त देण्याच्या आदल्या दिवशी त्याने नव्या उत्साहात जिममध्ये बेताबाहेर वजने उचलली होती, ही हकीकत त्या एका प्रश्नामुळे बाहेर आली. तोवर ती कोणी विचारली नव्हती आणि यकृताशी तिचा काही संबंध असेल असे त्यालाही वाटले नव्हते.

त्यानंतर आपण अहवाल आमच्यासमोर ठेवून ओळीने वाचलात, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. एसजीओटी हे विकर (एन्झाइम) यकृताप्रमाणे स्नायूंमध्ये आणि हृदयातही असते, एसजीपीटी प्रामुख्याने यकृतात असले तरी थोडे स्नायूंतही असते, आणि पेशींना इजा झाली की ही विकरे रक्तात उतरतात. त्यामुळे आकडा वाढला एवढ्यावरून इजा नेमकी कोठे झाली हे कळत नाही, असे आपण सांगितलेत. मग आपले बोट जीजीटी या यकृताच्या आणखी एका विकरावर गेले. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांत हे बहुधा वाढलेले आढळते, स्नायूंच्या इजेने मात्र ते वाढत नाही, आणि भावाचे जीजीटी अगदी मर्यादेत होते. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि अल्ब्युमिन हे यकृताच्या तपासणीतील बाकीचे आकडेही ठीक होते. ठळक अक्षरांत छापलेल्या दोन ओळींनी आम्हाला घाबरवले होते. उत्तराचा मोठा भाग साध्या अक्षरांतल्या ओळींमध्ये होता.

तरीही आपण तर्कावर विसंबून राहिला नाहीत. स्नायूंची इजा दाखवणारी सीपीके तपासणी आपण सांगितलीत आणि तिचा आकडा ८,४०० आला, जो एरवी शेकड्यांत असतो. इतक्या वाढीत मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो म्हणून आपण त्यांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घेतलेत, भरपूर पाणी प्यायला सांगितलेत, आणि लघवी चहासारखी गडद झाली तर वेळ न दवडता यावे अशी ताकीदही दिलीत. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्याही आपण वगळल्या नाहीत. माझ्या मते खरी काळजी ती हीच. नुसता धीर देणे त्या मानाने सोपे असते.

विश्रांतीनंतरच्या अहवालात एसजीओटी ३८ वर उतरले होते, पण एसजीपीटी अजून ६१ होते, आणि आता यकृताचेच काही निघाले की काय, अशी शंका आमच्या मनात पुन्हा आली. एसजीओटी रक्तातून सुमारे १७ तासांत निम्मे होते, तर एसजीपीटीला त्यासाठी ४७ तासांच्या आसपास लागतात, म्हणून उतरताना दुसरे मागे राहते, हे आपले स्पष्टीकरण ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. त्यापुढच्या तपासणीत दोन्ही आकडे मर्यादेत आले.

वाढलेला प्रत्येक आकडा व्यायामाच्या खात्यावर टाकू नये, विकरे चढीच राहिली तर चरबीयुक्त यकृतासारखी कारणे शोधावीच लागतात आणि त्या विकारात बराच काळ काहीही जाणवत नाही, हेही आपण बजावले होते. ते आम्ही लक्षात ठेवले आहे. भावाने व्यायाम पुन्हा सुरू केला आहे, या वेळी वजने हळूहळू वाढवत; आणि रक्त द्यायचे असेल तर आधीचा आठवडाभर जड व्यायाम टाळायचा, ही आपली सूचना त्याने स्वतःच्या हाताने फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा थोरला भाऊ